मधली तुकडी

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात नव्वदीच्या मध्यापर्यंत तरी अशी रीत होती, की कुणाचं लग्न ठरलं तर तारीख धरण्याआधी लोक आवडाबाईच्या दारात यायचे. ती मोकळी आहे का हे आधी बघायचं, मग मंडप, मग बँड. वेळ पडली तर नवरामुलगा बदलता येतो, पण धवलारीण कुठून आणायची, असं लोक थट्टेने म्हणायचे आणि त्यात फारशी थट्टा नसायची.

धवलारीण म्हणजे गाण्याने लग्न लावणारी बाई. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, दक्षिणा घेऊन स्कूटरला किक मारतात. पण त्याआधी हळदीच्या संध्याकाळी तांदळाच्या पिठाने चौक रेखतात, नवरीला त्यात बसवतात, आणि धवलारीण चौकाच्या कडेला बसून एकेका देवाला गाऊन बोलावते. खाडीतला देव, डोंगरावरची आई, वेशीवरचा राखणदार, घरातली गेलेली माणसं. सगळे आले की लग्न लागलं. पुढचं सगळं फोटोवाल्यासाठी असतं, असं आवडाबाईचं मत होतं आणि ते ती भटजींच्या तोंडावर सांगायची.

या कामाचा एक नियम होता. धवलारणीने बसायचं ते उघड्या जमिनीवर. पाट नाही, चटई नाही, खुर्ची तर नाहीच. देव जमिनीवरच्या पिठात उतरतात. त्यांच्यापेक्षा वर बसून त्यांना हाक मारायची म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून आपण झोपाळ्यावर बसण्यासारखं. जी जमिनीवर बसते ती धवलारीण, आणि तिच्या मागे राहून ओळ झेलते ती झीलकरीण. झीलकरीण उभी राहो नाहीतर खुर्चीवर बसो, तिला नियम नाही.

आवडाबाई साठीच्या पुढची, काडीसारखी बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. बाजारात गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर हातातला मासा ती परत टोपलीत ठेवायची आणि म्हणायची, तू भेंडी घे. पण आवाज असा, की ती गायला लागली की खाडीपलीकडे कळव्याला ऐकू जातं असं लोक सांगत. कळव्याच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

एका मार्गशीर्षात शेजारच्या दाजीच्या पोरीची हळद होती. आवडाबाई चौकाशी बसली, देव बोलावले, गाणं संपवलं आणि उठायला गेली तर उठता येईना. दोन्ही गुडघे आतून खिळे ठोकल्यासारखे. शेवटी चार बाप्यांनी काखेत हात घालून तिला उचललं, त्यात तिचा पाय घासला आणि चौक पुसला गेला. नवरीची आई तोंडाला पदर लावून आत गेली. बाकी कुणी काही बोललं नाही. कोळीवाड्यात सगळे गप्प बसले की समजायचं, उद्यापासून सगळे बोलणार.

तसंच झालं. आवडाबाईच्या धाकट्या मुलाची, चंदूची, पोर मालू. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, डोंबिवलीच्या खाडीकडच्या मुलाशी. मुलाची आत्या भागीरथी, ती तिकडची धवलारीण. तिचा निरोप आला, की आवडाबाईला त्रास नको, मालूच्या चौकालाही मीच बसेन. निरोप गोड होता. पण नात घरची, मंडप दारातला, आणि चौकाला बसणार परगावची बाई. मेल्यावर व्हायचं ते जिवंतपणी होतंय, असं आवडाबाईला वाटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मालूचे चौकाला मी बसनार. नायतर मना आधी चितेवर जाला, मंग लगीन लावा."

उपाय तर सगळे करून झालेच होते. मुशीच्या माशाचं तेल चोळून झालं, त्या वासाने मांजरं मागे लागली. जाड्या मिठाची पुरचुंडी शेकून झाली. स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरने गुडघ्यातून पाणी काढून सुई मारली, तेव्हा आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. मग कुणीतरी वर्तकनगरातल्या डॉ. शिवराम टिपणिसांचं नाव सांगितलं. हाडांचे डॉक्टर, वय चाळिशीचं, बोलणं सरळ. थोरला मुलगा दामाजी वागळे इस्टेटीत कारखान्यात, त्याला सुट्टी मिळेना. म्हणून रिक्षात सासूशेजारी त्याची बायको बसली.

ही बायको म्हणजे सरोज. शहाडची, उल्हास नदीत जाळं टाकणाऱ्या घरातली, अंगाने चांगली भरलेली. लग्नाला वीसेक वर्षं झाली, मूल नाही. आवडाबाईने या वीस वर्षांत तिला दोन गोष्टींवरून सतत टोचलं होतं. एक म्हणजे ती गोड्या पाण्याची, तिला खाडी काय कळणार. आणि दुसरी सांगायला जीभ अडते. "खाल्लेलं हिचे अंगाला लागतं, घराला नाय," असं ती पंगतीत चार बायकांपुढे म्हणायची. इथे आवडाबाईची बाजू कुणालाही घेता येणार नाही. सरोज ऐकून घ्यायची आणि उठून मालूची वेणी घालायला जायची. मालूची आई बाजारात बसायची, त्यामुळे मालूला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते सरोजनेच. त्याबद्दल मात्र कुणी पंगतीत बोलत नसे.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला. दोन हाडांमध्ये एक गादी असते, ती झिजली आहे, म्हणाले; हाड हाडावर घासतं. मोठ्या ऑपरेशनने अख्खा सांधाच नवा बसवतात, त्याने चालणं सुधारेल, पण मांडी घालून जमिनीवर बसता येणार नाही.

"मंग तो सांदा तुझ्याकडंच ठेव," आवडाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. मग जपून बोलायला लागले. त्यांचा एक मित्र होता, चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणांवर काम करणारा. तो माणसाच्या स्वतःच्याच पोटावरची चरबी सुईने काढायचा, धुऊन गाळून गालातल्या खड्ड्यात भरायचा. तसंच गुडघ्यात करून बघावं असं टिपणिसांच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. वंगणासारखी, उशीसारखी ती काही दिवस तरी कामी येईल असं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी हे अजून कुणाला केलेलं नाही, मी वाचलेल्या पुस्तकांत हे नाही, गुण येईलच असा शब्द देत नाही. सूज येऊ शकते, पू होऊ शकतो. विचार करा आणि नको वाटलं तर नको म्हणा.

सरोज पटकन म्हणाली, "माझी घ्या की डाक्टर. हितं काय कमी हाय?"

"दुसऱ्याची चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीर परक्याला ओळखतं आणि बाहेर काढतं. स्वतःचीच लागते."

हे ऐकून आवडाबाईला बरं वाटलं. सुनेचं काही घ्यावं लागणार नाही, हा पहिला आनंद. पण डॉक्टरांनी तिच्या पोटावर चिमूट धरून बघितली तर बोटांत नुसती कातडी आली. ते हसत म्हणाले, आजी, तुमच्याकडे तर चिमटीत धरायलाही काही नाही. दोन महिन्यांनी या, मग बघू.

त्या दोन महिन्यांत मित्राशी बोलावं, आणखी वाचावं, हे करावं की करू नये ते ठरवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. आणि रिक्षा कॅडबरीच्या नाक्याला पोचायच्या आत सासू-सुनांनी आपला अर्थ लावून टाकला होता. कोळ्याच्या पोरीला मासा कसा भरतो ते सांगावं लागत नाही. खाडीत चरायला मिळालं की दोन महिन्यांत तो टम्म होतो आणि कापला की पोटाशी पिवळी चरबी निघते. डॉक्टरने दोन महिने दिले म्हणजे तेवढ्यात बयेला, म्हणजे सासूला, भरायचं, हे उघड होतं. उलट तपासायची कुणाला गरज वाटली नाही.

आता आवडाबाई काडीसारखी का, हेही सांगायला हवं. ती स्वतःच्या घरात कायम शेवटी जेवली होती. आधी बाप्ये, मग पोरं, मग सुनांनाही वाढायची, आणि सगळं आवरलं की टोपाच्या तळाला जे असेल ते. भाताची खरपूड, माशाची शेपटी, डोकं चोखायला. लग्नसराईत तर चौकाचं व्रत म्हणून नवरी सासरी जाईपर्यंत कोरडी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या सासूने केलं म्हणून तिने केलं, आणि करता करता त्याचा तिला ताठा आला. घरात माझ्या पोटात काय गेलं हे कुणाला माहीत नसतं, असं ती अभिमानाने सांगायची. खरंच कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सरोजने टोपाचा ताबा घेतला. आवडाबाईला खाली बसवत नव्हतं म्हणून ती खाटेवर बसायची आणि सरोज तिच्यासमोर जमिनीवर. पहिलं ताट खाटेवर. त्या दिवशी दाजीने जिताडा पाठवला होता. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून जिताडा म्हणजे सोनं झालं होतं. सरोजने त्यातली पोटाकडची मधली तुकडी काढून सासूच्या भातावर ठेवली.

"ही दामाजीची," आवडाबाई म्हणाली.

"दामाजी शेपटी खाईल. त्याचे गुडघ्याला काय झालंय?"

"घरातले बाप्ये जेवले नाय अजून."

"आधी तुमी, बय."

एवढं बोलून सरोज तिथेच बसून राहिली. वीस वर्षं ऐकून घेणारी बाई एकदा हटून बसली की तिला हलवणं सोपं नसतं. आवडाबाईने घास घेतला. भात गरम होता. तिला आठवेना, की ऊन भात आपण शेवटचा कधी खाल्ला. आणि ती तुकडी जिभेवर ठेवल्याबरोबर सुटली, काटा आपोआप वेगळा झाला, चरबी टाळूला लागली. आयुष्यभर मासळी विकली, गिऱ्हाइकाला मधल्या तुकडीची महती गाऊन गाऊन सांगितली, आणि ती लागते कशी हे तिला आज कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मिरचीवर ढकललं आणि रस्सा तिखट केला म्हणून सरोजला चार शब्द सुनावले.

मग सगळा कोळीवाडाच कामाला लागला. कुणी कोळंबी पाठवली, कुणी तुपाची बरणी, कुणी खोबऱ्याच्या वड्या. बाजारातल्या बायका येऊन तिचा दंड चाचपून बघायच्या आणि भरतेय, भरतेय असं एकमेकींना सांगायच्या. आवडाबाई चिडायची, मी काय मासा हाय का, म्हणायची, आणि पुढची वाटी संपवायची.

जेवण झालं की खाटेवर बसून ती धवले, म्हणजे चौकाची गाणी, म्हणायची. मालूचा चौक जवळ येत होता, तोंडात ओळी घोळवायला हव्या होत्या. अडचण एवढीच होती की तिची झीलकरीण हौसाबाई दोन पावसाळ्यांमागे वारली होती. इतकी वर्षं एक ओळ आवडाबाईची आणि दुसरी हौसाबाईची. आता पहिली ओळ म्हटली की पुढची जागा रिकामी राहायची. दाजीच्या पोरीच्या हळदीलासुद्धा तिने दोन्ही ओळी स्वतःच ओढल्या होत्या. नवीन कुणाला तिने शिकवलं नव्हतं, कारण धवला शिकवायचा नसतो असं ती म्हणे. जवळ बसून जिच्या कानात उतरेल तिचा. जवळ बसायला मात्र ती कुणाला देत नसे.

एका दुपारी ती म्हणाली, "भरती आयली गो, दाराशी आयली."

आणि खालून, ताटातले काटे वेचता वेचता, सरोज हलकेच म्हणाली, "देव माझं होडीन बसून आयलं."

आवडाबाई थांबली. सरोजही थांबली, चोरी सापडल्यासारखी. सूर बरोबर लागला होता, शेवटचं हेलकावणंही हौसाबाईसारखं नसलं तरी खोटं नव्हतं. आवडाबाईने पाणी मागितलं आणि ते पिऊन ती आडवी झाली. पण दुसऱ्या दिवशी ओळ म्हटल्यावर ती मुद्दाम जरा जास्त वेळ थांबली, आणि खालून ओळ आली. त्यानंतर ते रोजचंच झालं. दोघींपैकी एकीनेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दोन महिने झाले आणि सरोजने सासूला मोठ्या अभिमानाने वर्तकनगरला नेलं. नऊवारीत आवडाबाईचे दंड भरले होते, गाल वर आले होते, पण रिक्षातून उतरताना तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं. हे गेले काही दिवस वाढतच चाललं होतं. तिने ते घरात सांगितलं नव्हतं. औषध लागू पडायच्या आधी दुखणं उसळतं अशी तिची समजूत.

डॉक्टरांनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं, गुडघे बघितले. गुडघे नारळासारखे सुजले होते.

"भरली ना?" सरोजने विचारलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. थोडं थोडं करून सगळं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हसू येता येता विरलं. अंगाचा भार वाढला की तो सगळा त्याच झिजलेल्या गादीवर पडतो, त्यांनी समजावून सांगितलं. काढायची असते ती जेमतेम वाटीभर चरबी, तेवढी आधीही कुठून ना कुठून निघाली असती. चिमटीचं ते नुसतं गमतीने बोलले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशातली गत. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी दोन महिने का म्हटलं ते सांगायला हवं होतं."

आपल्या हाताने आपण बयेचे पाय घालवले, एवढंच सरोजला कळलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आवडाबाईने ते बघितलं, आणि वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"तिचेकडं असा बघू नको," ती डॉक्टरला म्हणाली. "तिनं वाढला, मी खाल्ला. मना ग्वाड लागला. आता तुझं काय ते काम कर."

डॉक्टरांनी मित्राशी बोलणं केलेलं होतं आणि मित्राने करून बघायला हरकत नाही म्हटलं होतं. पुन्हा एकदा सगळे धोके सांगून, पुन्हा एकदा विचारून, त्या मित्राला बोलावून एका सकाळी त्यांनी ते केलं. बेंबीखालचा भाग बधिर केला, लांब सुईने आत-बाहेर करत चरबी ओढून घेतली. आवडाबाई जागी होती. तिला फक्त कुणीतरी आतून केर काढतंय असं वाटत होतं. चरबी मिठाच्या पाण्यात धुतली, गाळली, पुन्हा सुईत भरली, आणि सुई गुडघ्यात घालायच्या आधी तिने म्हटलं, मना बघू दे.

डॉक्टरांनी नळी तिच्या डोळ्यांपुढे धरली. हळद घातलेल्या पेजेसारखं पिवळं काहीतरी. ही माझी, ती मनात म्हणाली. स्वतःचीच लागते म्हणाला होता, म्हणजे ही माझी. आणि मग तिला वाटलं, माझी कसली? दोन महिन्यांपूर्वी चिमटीत नुसती कातडी आली होती. हे तर जिताड्याची मधली तुकडी आहे, तूप आहे, ऊन भात आहे, आधी तुमी बय आहे. गुडघ्याला ते ओळखू येणार आहे का, की त्यातलं माझं किती आणि तिचं किती? आपण वीस वर्षं तिला काय काय बोललो ते तिला एकामागून एक आठवलं, आणि टेबलावर पडल्या पडल्या तिला स्वतःची लाज वाटली. सुई आत गेली तेव्हा ती कण्हली नाही. डॉक्टरांना वाटलं बाई फार सोसणारी आहे.

आठ-दहा दिवस सूज राहिली, मग उतरायला लागली. अंगावर चढलेला भारही हळूहळू कमी झाला; आता पहिलं ताट तिचंच असे, पण वाढणारी हात आखडून वाढायची. वैशाख लागला तेव्हा आवडाबाई काठी न घेता बाजारात जाऊन आली. डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला, खुशीत आले, आणि लगेच स्वतःला आवरलं. हे सुईमुळे की विश्रांतीमुळे, मी सांगू शकत नाही, म्हणाले. किती टिकेल तेही नाही. जमिनीवर बसायचं का, तर लग्नात एकदा बसा, दोघांना धरून. पुढे सवय करू नका.

म्हणजे जे हवं होतं ते मिळालं. हळदीच्या दिवशी दुपारपासून आवडाबाईने तोंडात पाणी घेतलं नव्हतं. मंडपात चौक रेखला गेला, मालू हळदीच्या लुगड्यात येऊन बसली. नवऱ्याकडचे लोक आले, त्यांच्यात भागीरथी, नवी नऊवारी नेसून, तयारीनेच. चौकाच्या कडेची जागा मोकळी होती. सगळ्यांचं लक्ष आवडाबाईच्या पायांकडे होतं.

ती चालत आली, कुणाचा हात न धरता. जागेशी उभी राहिली, पदर खोचला, गुडघे वाकवायला घेतले. वाकले. दुखलं, पण वाकले, आणखी खाली गेले असते. ते तिला नीट कळलं. या एका बसण्यासाठी तिने काय काय केलं होतं. आणि अर्ध्यावर वाकलेली ती तशीच थांबली, कारण तिची नजर समोर गेली. बायकांच्या मागच्या रांगेत, खांबाला टेकून, हळदीची परात धरून सरोज उभी होती. मूल नसलेली म्हणून चौकापासून लांब, कुणी सांगितलं नसताना आपणहून लांब. जिला न्हाऊमाखू घातलं त्या मालूकडे ती खांबामागून बघत होती. ओठ आधीच हलत होते.

आवडाबाई सरळ झाली. भागीरथीला वाटलं आता आपल्याला बोलावणार. ती पुढे सरसावली.

"सरोज," आवडाबाई म्हणाली, "परात ठेव. हितं ये, बस."

सरोजला कळेना. ती जवळ आली ती सासूला धरायला. आवडाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं, उघड्या जमिनीवर, चौकाच्या कडेला. कोळीवाड्यात पुन्हा सगळे गप्प झाले. भागीरथी मात्र परगावची, तिला गप्प बसण्याचं कारण नव्हतं. ती सावकाश म्हणाली, की बाई चांगली असेल, पण तिची ओटी रिकामी. चौकाला घरचं रक्त लागतं, ही तर शहाडची, दुसऱ्याची.

आवडाबाईने एक खुर्ची ओढली आणि सुनेच्या मागे, झीलकरणीच्या जागी, तीत बसली.

"मना डाक्टर बोलला, सोताचाच लागतं, दुसऱ्याचा अंगाला चालत नाय," ती म्हणाली. "हिचे हातचा माझे गुडघ्यान हाय. चाललं मना. ही दुसरी नाय."

मग तिने सरोजच्या पाठीवर हात ठेवला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. आणि मग सरोजने डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. आवाज फाटका निघाला. भरती दाराशी आली, इतकंच कसंबसं. आवडाबाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मागून ओळ झेलली. तिच्या तोंडात ती नवीनच वाटली. दुसऱ्या देवाला सरोजचा आवाज सरळ झाला, तिसऱ्याला मोठा झाला, आणि गेलेल्या माणसांना बोलवायची वेळ आली तेव्हा तिने हौसाबाईचंही नाव घेतलं. आवडाबाईला तिथे झील धरता आली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि पुढची ओळ धरली. चौकातली मालू तेवढा वेळ सरोजकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, मालू डोंबिवलीला गेली, मंडप रिकामा झाला. धवलारीण नवरी जाईपर्यंत जेवत नाही, त्यामुळे सरोज आदल्या संध्याकाळपासून कोरडी होती आणि चुलीशी पाहुण्यांची भांडी आवरत बसली होती. आवडाबाई स्वतः आत गेली, टोप उघडला, आणि ताट वाढून आणलं. दामाजी ओसरीवर जेवणाची वाट बघत होता. त्याने ताटाकडे हात केला तर आईने तो बाजूला सारला.

तिने ताट सरोजच्या पुढ्यात ठेवलं. भात गरम होता आणि भातावर मधली तुकडी होती.

"जेव," ती म्हणाली. "आधी तू."

सरोज नको म्हणाली, दामाजीला वाढते म्हणाली, तेव्हा आवडाबाई तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि पहिला घास तिच्या तोंडात जाईपर्यंत उठली नाही.